पुरावा क्रमांक सात

तक्रार टाइप केलेली होती, खाली सही नव्हती.
निनावी तक्रारी बहुधा त्याच धंद्यातल्या माणसाच्या असतात,
एवढं मला एकोणीस वर्षांत कळलंय.

बिस्मार्कहून निघाले तेव्हा अंधार होता.
चार तास सरळ रस्ता, दोन्हीकडे कापून झालेली सूर्यफुलं,
नुसते खुंट, वर मिठासारखं बर्फ.
गाडी सरकारी, हीटर अर्धमेला,
शेजारच्या सीटवर थर्मास, कॅमेरा आणि बिल्ला,
जो मी दार उघडेपर्यंत दाखवत नाही.

ऑर्विल ट्वाइट, वय एकाहत्तर.
ट्रॅक्टरच्या शेडमागे एक खोली,
न्हाव्याच्या दुकानातून आणलेली खुर्ची,
खिडकीत ओळीने मांडलेले जबडे,
गुलाबी, मेणाचे, कोणाचेच नसल्यासारखे हसणारे.
परवाना?
त्याने हात पुसले. सैन्यात शिकलो, म्हणाला,
कागद सैन्याकडेच राहिला असेल.
मग कॉफी विचारली.
मी नको म्हटलं. नियम आहे.
वास चांगला होता.

वहीत त्याने माझं निम्मं काम करून ठेवलं होतं:
नाव, तारीख, वरचे की खालचे, आणि मिळालं काय.
दीडशे डॉलर. अर्धं डुक्कर. छपराची दुरुस्ती.
काही नावांपुढे नुसती रेघ.
रेघ म्हणजे काय, मी विचारलं.
रेघ म्हणजे रेघ.

त्या वहीतून मी एडा हाउगनच्या स्वयंपाकघरात पोचले.
साखर कारखान्यात तीस हंगाम बीट धुतलेली बाई.
पुरावा हवा होता, आणि तो तिच्या तोंडात होता.
मी शब्द जुळवत उभी.
तिने वाट पाहिली नाही.
पाठ फिरवली, नळाखाली धुतले,
कागदी रुमालात गुंडाळून माझ्या हातावर ठेवले.
अजून कोमट.

वळली तेव्हा चेहरा खाली बसला होता
माती खचलेल्या बांधासारखा.
काहीतरी बोलली. मला नीट कळलं नाही,
आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.
जबाबात लिहिलं: निवेदन नाही.

आता कोणी म्हणेल, सोडून द्यायचं होतं.
त्याच फाइलमध्ये, त्याच्या आधीच्या पानावर, डस्टिन क्रेब्स आहे,
तेलविहिरीवर पुढचे चार दात गमावलेला पोरगा,
गाल बीटाएवढा सुजलेला, आत पू.
तीच खोली, तीच खुर्ची,
उकळायला ठेवलेलं, कदाचित न उकळलेलं, तेच पातेलं.
इस्पितळात तो फोटो मीच काढला.
तेव्हा मला कोणी दया शिकवू नये.
कायदाही नको.

फार्गोचा तज्ज्ञ बराच वेळ भिंगातून बघत राहिला.
अहवालात लिहिलं: अनधिकृत. बसतात मात्र उत्तम.
वकिलांनी शेवटच्या मसुद्यात
दुसरं वाक्य ठेवलं नाही.

खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, म्हणतात.
हे खायचेच होते.
सुनावणीत टेबलावर ठेवले
आणि दाखवायचे झाले.

अपील चालू आहे. तोवर पिशवी कपाटात,
क्रमांक सात, सीलवर माझी अक्षरं.
एडाचा महिन्यातून एकदा फोन येतो.
परत कधी मिळतील, विचारते, रागावत नाही,
मग काय जेवली ते सांगते:
ओटमील. सूप. सफरचंदाचा गर.
मी लिहून घेते. फॉर्मवर त्याला रकाना नाही,
समासात लिहिते.

आता तिचं बोलणं मला कळतं.
त्या दिवशी काय म्हणालीस, हे विचारता आलं असतं.
काल म्हणाली, मक्याचा हंगाम आलाय, भाच्याने गोणीभर दिला.
मी विचारलं, मग कशी खातेस?

किसून, म्हणाली.